सुट्टी मिळाली, जागा राहिली

मुंबईला रविवारची सुट्टी कुणी बहाल केलेली नाही. ती मागून, भांडून घेतलेली आहे. १८८४च्या सप्टेंबरात कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. त्यानंतर सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

आता शुक्रवार उजाडला की ‘शनिवार-रविवारी काय कराल?’ अशा याद्या मोबाइलवर येऊ लागतात. कुठे विनोदाचा एकपात्री कार्यक्रम, कुठे मातीची भांडी घडवायची कार्यशाळा, एखादे नवे कॅफे, मुलांना उड्या मारायला ट्रॅम्पोलिन पार्क. या याद्यांबद्दल माझी तक्रार नाही. करण्यासारखे इतके काही असावे, ही मोठ्या शहराची श्रीमंतीच आहे. पण यादीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक दर असतो, आणि कुटुंब चार माणसांचे असेल तर त्याला चारने गुणावे लागते. त्यात जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च मिळवला की सर्वसाधारण घराची महिन्याची करमणूक एका रविवारीच आटोपते. बाकीच्या रविवारी काय करायचे, हे यादी सांगत नाही. माझ्या मते शहराची परीक्षा तिथेच होते. खिशात लोकलच्या भाड्यापुरते पैसे असलेला माणूस रविवार कसा घालवतो, त्यावरून शहर ओळखावे.

लोखंड्यांच्या निवेदनात वेळेची मागणी आहे, जागेची नाही. ती मागणी सुचण्याचे कारणही नव्हते. त्या वेळी प्रश्न श्वास घ्यायला सवड मिळण्याचा होता. सवड मिळाल्यावर पुढच्या पिढ्यांनी जागा स्वतःच तयार केल्या. गिरण्यांच्या आणि चाळींच्या त्या गिरणगावाचे उगाच गोडवे गाऊ नयेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण बाहेर पडल्यावर जायला ठिकाण होते. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह परळला १९२२ पासून उभे होते आणि त्याच्या रंगमंचावर कामगारांनी कामगारांसाठी नाटके केली. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक मैदानातच उभे राहून पोवाडे गाई. जोडीला व्यायामशाळा होत्या, भजनी मंडळे होती, कोकणातल्या गावांची मंडळे होती. पुढे कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि दिवसा साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री तालमीला जाऊ लागला. या साऱ्याला पैसे लागत नसत असे नाही. पण ते परवडत, आणि गाणारा, नाचणारा, टाळ्या वाजवणारा एकाच चाळीतला असे. सुट्टीच्या दिवशी माणूस फक्त गिऱ्हाईक नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हे जग ढासळत गेले. नंतरचा प्रश्न जमिनीचा होता. ५८ गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जागा होती, आणि तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे होणार होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नव्हे, आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याचीच होईल, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळे असे असते किती? ज्या उद्यानांचे आणि मैदानांचे स्वप्न कागदावर होते, ते कागदावरच आकसले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००६ साली बदललेला नियम कायम झाला.

लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये आता मॉल आहे. जुनी चिमणी आवारात राखून ठेवली आहे, आणि रविवारी संध्याकाळी तिच्या पायथ्याशी पाय ठेवायला जागा नसते. ज्या वस्तीने रविवार मिळवला, तिच्याच जमिनीवर आज रविवार विकत मिळतो. यात कुणा एकाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. वेळेचा हक्क कायद्यात बसला, जागेचा हक्क बसला नाही, एवढेच घडले.

मॉलला नावे ठेवण्याची एक सोपी रीत आपल्याकडे आहे. तिच्यापासून जपून राहायला हवे. लोक तिथे जातात ते अक्कल गहाण ठेवून नव्हे. तिथे एप्रिल-मेमध्ये गारवा असतो, स्वच्छ स्वच्छतागृह असते, म्हाताऱ्या माणसाला सरकता जिना असतो आणि मुलींना संध्याकाळी आठ वाजता कुणी ‘इथे काय करताय?’ असे विचारत नाही. ही चारही कामे महापालिकेच्या बागेने करायला हवी होती. तिने ती केली नाहीत म्हणून दुकानदाराने केली, आणि बदल्यात आपल्याला दुकानांच्या रांगेतून फिरवले. वाईट हे की त्या गारव्यात शिरण्यासाठी दारावरच्या नजरेतून पार व्हावे लागते. चपला झिजलेला माणूस त्या दारापाशी आपोआप रेंगाळतो. त्याला कुणी अडवलेले नसते, तरीही.

मुंबईत दरडोई मोकळी जागा दीड चौरस मीटरही भरत नाही. एक सतरंजी पसरली की एका माणसाचा वाटा संपला. तरीही जे उरले आहे ते सुट्टीच्या दिवशी काय काय करते, ते पाहण्यासारखे असते. १९२५ साली खुल्या झालेल्या शिवाजी पार्कवर एकाच वेळी इतके सामने चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीलगत उभा असतो, आणि भोवतीच्या कट्ट्यावर तीन पिढ्या एकाच वेळी बसलेल्या असतात. १९४८ साली सुरू झालेली कांगा क्रिकेट लीग तर ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळायची म्हणूनच नावाजली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा पसारा सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे, आणि त्याच्या पोटात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. बौद्ध भिक्खूंनी खोदलेल्या पाण्याच्या टाक्या तिथे आजही दिसतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला कुणी तिकीट मागत नाही. भरतीच्या वेळी तिथे बसलेल्यांत मलबार हिलवरचा कोण आणि मानखुर्दचा कोण, हे पाठीकडून ओळखता येत नाही. पैसे मोजून आखलेल्या कुठल्याही कार्यक्रमात असे होत नाही. तिथे माणसे आधीच दरानुसार वेगळी झालेली असतात.

मात्र या मोकळ्या जागाही हळूहळू आवळत चालल्या आहेत. भायखळ्याच्या राणीच्या बागेचे, म्हणजे प्राणिसंग्रहालयाचे, तिकीट २०१७ साली मोठ्या माणसाला पाच रुपयांवरून पन्नास झाले. पेंग्विन आले, पिंजरे सुधारले, खर्च वाढला, हे सगळे मान्य. चौघांच्या कुटुंबासाठी सवलतीचे शंभर रुपयांचे तिकीटही ठेवले. तरी दहापट वाढ कुणाला जाणवते आणि कुणाला नाही, याचा हिशेब वेगळा करावा लागतो. किनारी रस्त्याचेही तसेच. त्याचा पहिला टप्पा मोटारींना मार्च २०२४ मध्ये मिळाला. त्याच्या कडेचा समुद्रालगतचा पदपथ पायी चालणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये उघडला. समुद्र बुजवून केलेल्या रस्त्यावर आधी कोण आणि नंतर कोण, या क्रमात शहराची वृत्ती उघड दिसते.

हीच वृत्ती रेल्वेच्या वेळापत्रकातही दिसते. रविवार म्हणजे मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बो ब्लॉक. रुळांची दुरुस्ती हवीच, आणि ती करणाऱ्या माणसांचा रविवार त्यात जातो, हेही विसरून चालणार नाही. पण त्यामागे एक गृहीत आहे: कामावर जाणे हाच प्रवास, बाकी सारे हौसेचे. डोंबिवलीच्या माणसाला मुलांना घेऊन संग्रहालयात जायचे असेल किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात चारचा प्रयोग गाठायचा असेल, तर नेमकी त्याच दिवशी गाडी बंद, नाहीतर तुंबलेली. नाटकवाल्यांचा मुख्य धंदा शनिवार-रविवारचा, आणि प्रेक्षकाला पोहोचवणारी वाट त्याच दिवशी अर्धी मिटलेली. नोकरदाराला वेळेवर कचेरीत पोहोचवण्यासाठी हे शहर जिवाचा आटापिटा करते. त्याला वेळेवर नाटकाला पोहोचवणे ते आपले काम समजत नाही.

मग सुट्टीच नसलेल्यांचे काय? मॉलमध्ये बिल करणारी मुलगी, इमारतीच्या दारावरचा वॉचमन, जेवण घेऊन जिने चढणारा डिलिव्हरीवाला यांच्यासाठी रविवार हा सगळ्यांत जड दिवस. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने सातही दिवस दुकाने उघडी ठेवायला परवानगी दिली. त्याच वेळी प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी बंधनकारक केली. ॲपवर काम करणाऱ्या मुलाला मात्र कंपनी कामगार म्हणतच नाही, मग साप्ताहिक सुट्टी कुठली? राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण एकाच शहरात कुणाला दोन दिवस आणि कुणाला एकही नाही, तेव्हा १८८४चे ते निवेदन अजून निकाली निघालेले नाही असेच म्हणावे लागते.

आणि घरातल्या बाईचा रविवार? मटणाचे वाटण, पाहुणे, आठवड्याचे साठलेले कपडे, मुलांचे डोक्यावरून न्हाणे. घरातल्या बाकीच्यांची सुट्टी तिच्या दुप्पट कामावर उभी असते. ती बाहेर पडते तीही बहुधा कारण घेऊन: भाजी, देऊळ, नाहीतर मुलाचा क्लास. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईच्या बायकांबद्दल नेमके हेच मांडले आहे: विनाकारण रेंगाळण्याचा हक्क बायकांना मिळेल तेव्हाच शहर त्यांचे झाले म्हणायचे. रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर एकटीच, हातात पिशवी नसलेली, कुणाची वाट न पाहणारी बाई बसलेली दिसणे आजही विरळाच.

हे बदलायला प्रचंड पैसा लागतो असे नाही. कोलंबियाच्या बोगोता शहरात १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे करतात. आज अशा रस्त्यांची लांबी शंभर किलोमीटरहून अधिक आहे आणि हा उपक्रम तिथल्या जगण्याचाच भाग झाला आहे. मुंबईत पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केले, तेव्हा लोक लगोरी, दोरीच्या उड्या, लेझीम घेऊन रस्त्यावर उतरले. त्यासाठी नवे काही बांधावे लागले नाही. काही तास मोटारी थांबवाव्या लागल्या. पण असे उपक्रम एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर चालतात, आणि त्याची बदली झाली की ओसरतात. त्यांना धोरणात जागा हवी. महापालिकेच्या शाळांची मैदाने रविवारी कुलूपबंद का असावीत? संग्रहालये, वाचनालये, नाट्यगृहे यांच्या वाटेवर तरी ब्लॉकच्या दिवशी जादा बस का नसाव्यात? बागेत स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, रात्री दिवा आणि पाठ टेकायला बाक, एवढे तरी प्रत्येक प्रभागात का नसावे? दामोदर नाट्यगृहासारख्या, पुनर्विकासासाठी बंद झालेल्या रंगमंचाची नवी इमारत उभी राहील तेव्हा त्याचे भाडे हौशी नाट्यसंस्थेला परवडेल का, हे आधीच का ठरवू नये?

सुट्टी कशी घालवावी, हे कुणी कुणाला शिकवू नये. दुपारी दोन तास ताणून द्यावी, हाही उत्तम कार्यक्रम आहे. पण माणसाला निवड करता यावी, आणि ती पाकिटाच्या जाडीवर ठरू नये, एवढे तरी शहराने पाहायला हवे. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण नळ, गटार आणि खड्डे यांबद्दल विचारतो, ते विचारावेच. त्याला आणखी एक प्रश्न विचारा: आमच्या प्रभागात रविवारी एक पैसा न खर्चता दोन तास बसता येईल अशी जागा कुठे आहे? उत्तर नसेल, तर ती कधीपर्यंत होणार याची तारीख मागा. कामगारांनीही १८८४ साली मागणी लेखी केली होती, आणि खाली सह्या केल्या होत्या.