समदृष्टी आणि दोन ताटल्या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तमूर्ती डोळ्यांसमोर आणली की तीन शिरं, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार श्वान दिसतात. चार श्वान म्हणजे चार वेद आणि गाय म्हणजे पृथ्वी, असा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. मांजर मात्र या चित्रात कुठंच नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी एक मांजर कायमचं राहायला आलं. घरात आधीपासून दोन कुत्री आहेत. त्यावरून देवळात मला दोन प्रश्न विचारले गेले. विचारणाऱ्यांनी ते हसत विचारले, पण मला ते हसण्यावारी नेता आले नाहीत.

पहिला प्रश्न असा की, दत्तगुरूंच्या दारी श्वान शोभतो, मांजराला तिथं काय मान? दुसरा प्रश्न एका जुन्या साधकाचा. ते म्हणाले, "तुमच्या घरी रोज गुरुचरित्राचा अध्याय वाचला जातो ना? मग कुत्रा-मांजर आपोआप एकत्र नांदायला हवीत. नाही नांदली, तर उपासनेत कुठंतरी कमी आहे असं समजा."

आधी मांजर का आलं ते सांगतो. आमच्या शेजारच्या आजी वारल्या. त्यांची मनी नऊ वर्षांची, जन्मात घराबाहेर न पडलेली. नातेवाईक घर बंद करून परगावी निघाले. मनीला उरण नाक्याकडच्या मासळी बाजारात सोडावं, तिथं पोट भरेल, असा विचार चालला होता. त्या माणसांना मी निर्दय म्हणणार नाही, त्यांच्याही अडचणी होत्या. पण उतारवयातल्या मांजराला बाजारातल्या बोक्यांत आणि कुत्र्यांत सोडणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. सौभाग्यवती म्हणाली, "आपल्याकडे आणूया." दहा वर्षांचा मोती आणि चार वर्षांची राणी, दोघंही गावठी आणि दोघंही रस्त्यावरून आलेली. त्यांना विचारायची काही सोय नव्हती.

आता पहिला प्रश्न. मूर्तीत मांजर नाही हे खरं. पण भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत कबुतर आहे, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, साप आणि कोळीही आहे. परंपरा या अवधूताला दत्तात्रेयच मानते. नाथांनी एकनाथी भागवतात याच स्कंधावर विस्तारानं लिहिलं आणि १५७३ साली काशीत तो ग्रंथ पुरा केला. या चोवीसांत मांजर नाही, आणि गंमत म्हणजे कुत्राही नाही! म्हणून यादीत नाव आहे की नाही यावरून जिवाची किंमत ठरवता येत नाही. मी बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केली. एखादी रक्कम कोणत्या खात्यात घालायची ते कळत नसलं, तर आम्ही ती सस्पेन्स खात्यात ठेवत असू. पण रक्कम नाकारत नसू, आणि ती हरवली तर जबाबदारी आमचीच असे.

युधिष्ठिराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. स्वर्गाच्या दाराशी इंद्र म्हणाला, कुत्र्याला इथं जागा नाही. धर्मराजानं स्वर्ग नाकारला, पण बरोबर आलेला कुत्रा सोडला नाही. आपण ही कथा कुत्र्याच्या निष्ठेची म्हणून सांगतो. पण युधिष्ठिराचं म्हणणं कुत्र्याच्या जातीबद्दल नव्हतंच. आश्रयाला आलेल्याला आणि विश्वासानं बरोबर राहिलेल्याला टाकणं हे महापाप, एवढंच तो सांगत होता. त्या जागी मांजर असतं तरी त्याचं उत्तर बदललं नसतं. आपल्याकडे तर मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. आणि १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची जी मूलभूत कर्तव्यं घातली गेली, त्यांतही प्राणिमात्रांवर दया करणं हे कर्तव्य आहे. तिथंही कोणत्या प्राण्यावर, अशी यादी नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. कारण त्याला शास्त्राचा आधार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत म्हटलं आहे की, ज्याच्या ठायी अहिंसा पक्की स्थिर झाली, त्याच्या सान्निध्यात प्राणी वैर सोडतात. जुन्या काव्यांतल्या तपोवनांत वाघ आणि गाय एका पाणवठ्यावर येतात ते त्यामुळेच. ज्ञानेश्वर माऊलींनीही पसायदानात सगळ्या जिवांमध्ये परस्पर मैत्री व्हावी असं मागणं मागितलं. मग माझ्या घरात मोती गुरगुरला आणि मनी फिस्कारली, तर दोष कुणाचा?

माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असं आहे. ते सूत्र सिद्धाचं लक्षण सांगतं, गृहस्थाचं नाही. अहिंसा स्थिर झाल्यावर काय होतं ते त्यात आहे. ती स्थिर होईपर्यंत काय करावं, हे गृहस्थानं स्वतः पाहायचं. मी सिद्ध आहे असं गृहीत धरून मनीला उचलून मोतीपुढं ठेवायचं आणि चमत्काराची वाट पाहायची, याला मी भक्ती म्हणणार नाही. त्यात माझ्या भक्तीची परीक्षा होईल, पण फी मनीला भरावी लागेल. गृहस्थानं दाराला कडी घालावी. त्याची अहिंसा तिथूनच सुरू होते.

कडीचं महत्त्व आम्हाला पशुवैद्यांनी समजावलं. पहिले काही दिवस मनीला आतल्या खोलीत वेगळं ठेवायचं. तिचं खाणं, पाणी, वाळूची परात सगळं तिथंच. दोन्ही बाजूंना एकमेकांचा वास आधी कळू द्यायचा. मनीच्या अंगाखालचं फडकं कुत्र्यांच्या जागेजवळ आणि कुत्र्यांचं तिच्या खोलीत. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या ताटल्या, म्हणजे त्या वासाबरोबर पोट भरल्याची आठवण जोडली जाते. मग जाळीच्या दारातून दर्शन, आणि शेवटी कुत्र्यांना पट्टा बांधून एका खोलीत थोडा वेळ. घाई कुठंच नाही. एखाद्या पायरीवर कुणी बिथरलं, तर एक पायरी मागं यायचं. आणि मांजराला चढून बसायला उंच जागा हवीच, कारण पळायला वाट आहे हे कळलं की ते निम्मं शांत होतं.

यात मला सगळ्यात नवल वाटलं ते भाषेचं. कुत्रा सैलपणे शेपूट हलवतो तेव्हा बहुधा खूश असतो. मांजर शेपूट आपटतं तेव्हा चिडलेलं असतं. कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला लावतो, म्हणजे खेळायला बोलावतो. मांजराला तो दबा धरून बसल्यासारखा वाटतो. कुत्रा उताणा झाला तर बहुतेक वेळा शरण आला. मांजर उताणं झालं, तर चारही पंजे तयार आहेत असंही असू शकतं. म्हणजे पुष्कळदा वैर नसतंच, एकाचा नमस्कार दुसऱ्याला शिवीसारखा ऐकू येतो. सासू-सुनांच्या किती घरांत हेच चाललेलं असतं, नाही का?

तरी वैर जुनं आहे, हेही मान्य करायला हवं. सिंधमध्ये चन्हुदडो इथं १९३५-३६ साली उत्खनन झालं, तेव्हा चार हजार वर्षांहून जुनी एक वीट सापडली. ओल्या विटेवर मांजराच्या पावलांचे ठसे आणि त्यांवर किंचित चढलेले कुत्र्याच्या पावलांचे. विटा वाळत घातल्या असताना कुत्रा मांजराच्या मागं लागला होता! संस्कृत व्याकरणातही जन्मजात वैऱ्यांसाठी खास नियम आहे. अशा दोघांचा समास केला की तो एकवचनी होतो. साप आणि मुंगूस मिळून 'अहिनकुलम्', मांजर आणि उंदीर मिळून 'मार्जारमूषकम्'. जे एकमेकांना सोसत नाहीत, त्यांनाच पाणिनीनं एका शब्दात राहायला लावलं. घर हाही असाच एक शब्द आहे.

पण एका शब्दात राहणं म्हणजे मैत्री नव्हे. महाभारतातल्या शांतिपर्वात भीष्मांनी लोमश मांजराची आणि पलित उंदराची कथा सांगितली आहे. मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडलं. तेवढ्यात उंदरावर मुंगूस आणि घुबड टपले. उंदीर मांजराच्या आश्रयाला गेला आणि बदल्यात जाळं कुरतडायचं कबूल केलं. पण शेवटचा दोर त्यानं पारधी जवळ आल्यावरच तोडला, म्हणजे मांजराला पळण्यावाचून दुसरं काही सुचू नये. संकट टळल्यावर मांजर गोड बोलून मैत्रीसाठी बोलावू लागलं. उंदीर बिळातूनच म्हणाला की, ज्या कारणानं आपण एकत्र आलो ते कारण संपलं. भीष्मांनी त्या उंदराला शहाणा म्हटलं आहे, कोत्या मनाचा नाही. दिलेला शब्द त्यानं पाळला, आणि स्वतःचा जीवही सांभाळला. दुबळ्यानं बलवानाशी खोटी मैत्री करावी, अशी अपेक्षा धर्मही करत नाही.

मग समदृष्टीचं काय? गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत म्हणतात की, ज्ञानी माणूस विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा या सगळ्यांना सारख्याच नजरेनं पाहतो. तिथं पाहणं सारखं सांगितलं आहे, वागवणं सारखं नाही. हत्तीला कुणी कुत्र्याच्या ताटलीत जेवायला घालत नाही. मांजराला तर कुत्र्याचं खाणं पुरतही नाही. मांसातून मिळणारा टॉरिन नावाचा एक घटक त्याला बाहेरून मिळावाच लागतो, नाहीतर डोळे आणि हृदय बिघडतं. कुत्र्याचं शरीर बहुधा तो स्वतः तयार करतं. दोघांना एकच ताटली दिली, तर दिसायला समता, पण एकाची उपासमार. म्हणून आमच्या घरात ताटल्या वेगळ्या, जागा वेगळ्या, जेवायच्या वेळाही वेगळ्या. माया मात्र एकाच गाठोड्यातली.

आणि आधी आलेल्याचा हक्क? हाही विचार मनातून जात नव्हता. मोती म्हातारा झाला आहे. त्याची दारामागची जागा, संध्याकाळचा फेरा, आरतीनंतरचा साखरफुटाणा, यातलं काही मनीमुळं कमी होऊ द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. दया करणारे आपण आणि गैरसोय सोसणारा मोती, असं झालं तर ते पुण्य दुसऱ्याच्या खात्यातून काढलेलं ठरेल. नव्या जिवाचं ओझं घरच्या कर्त्यानं उचलायचं असतं, घरातल्या मुक्या जिवानं नाही.

पूर्वी पनवेलच्या जुन्या वाड्यांत हा प्रश्नच नव्हता. कुत्रा अंगणात, मांजर माळ्यावर नाहीतर कौलांवर. दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून भांडणंही थोडी. ती समता घराच्या बांधणीतच होती. आता वाडे गेले, इमारती आल्या, २०१६ मध्ये गावाची महानगरपालिका झाली. दोन खोल्यांच्या घराला एकच दार. जी जागा वास्तू देत होती, ती आता माणसाला मनानं आणि शिस्तीनं तयार करावी लागते. आमच्याकडे कपाटावर एक फळी ठोकली, हाच मनीचा माळा.

फळ काय मिळालं, ते जसं आहे तसं सांगतो. दीड महिन्यानं मोतीनं मनीची दखल घेणंच सोडलं. आता ती त्याच्यासमोरून चालत जाते. राणीचं तसं नाही. मनी पळाली की तिचं अंग ताठ होतं, नजर खिळते. म्हणून त्या दोघींना आम्ही एकट्या सोडत नाही, आणि बहुधा कधीच सोडणार नाही. रात्री मधलं दार बंद असतं. यात उपासनेचा पराभव आहे, असं मला वाटत नाही. उपासनेनं मला काय दिलं असेल, तर रोज रात्री न कंटाळता ते दार लावण्याचा धीर.

आपल्यापैकी पुष्कळांवर ही वेळ वेगळ्या रूपानं येणार आहे. जोडीदार जाईल, घर बंद होईल, आणि आपण मुलाच्या नाहीतर मुलीच्या घरी उतारवयात नवे म्हणून जाऊ. तिथल्या माणसांच्या जागा, वेळा, सवयी आधीच ठरलेल्या असतील. त्या वेळी पहिल्याच दिवशी सगळ्यांनी गळ्यात गळे घालावेत, असा आग्रह कुणी धरू नये, आणि आपणही धरू नये. आपली एक ताटली असावी, टेकायला एक उंच जागा असावी, मिटून घ्यायला एक दार असावं, आणि आपल्यामुळं घरातल्या कुणाचा घास कमी होऊ नये. एवढं ज्या घरात सांभाळलं जातं, तिथं प्रेम आपल्या पावलांनी येतं. आलं नाही, तरी भीती राहत नाही, आणि भीती नसणं हे काही थोडं नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा हलेल तेव्हा प्रत्येक जण आपापलं मागणं मागेल. मी चमत्कार मागणार नाही. ज्याला जे हवं ते ओळखायची नजर आणि कडी लावायची सवय, एवढं महाराजांनी द्यावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥