कामापुरते यंत्र

धामणगाव रेल्वेच्या बाजार समितीत दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते, पाठोपाठ कापूस येतो, आणि अडत दुकानातल्या संगणकाला उसंत राहत नाही. हर्रास झाला, माप झाले, काटापट्टी हाती आली की हिशोबपट्टी निघायला हवी, कारण शेतकरी समोर उभा असतो. सेवा केंद्रात पीक विम्याचे अर्ज, सातबारा आणि दाखले यांचीही अशीच रीघ असते. अशा टेबलासाठी नवा संगणक घ्यायची वेळ आली की हल्ली मिनी संगणकाचे नाव हमखास निघते. हातभर उंचीच्या टॉवरऐवजी जाड पुस्तकाएवढा एक डबा, हवा तर मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी बसवलेला. कोणता घ्यावा, याचे उत्तर बहुधा किंमत आणि वेग यांच्या तक्त्यावरून दिले जाते. मला हा प्रश्न त्या तक्त्याच्या आधीचा वाटतो. आपल्याला किती पुरे, हे ठरवण्याचा तो प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्या धर्मपरंपरांनी फार बारकाईने विचार करून ठेवला आहे.

यंत्राच्या खरेदीत धर्म कशाला, असे कोणी म्हणेल. अपरिग्रह हे संन्याशाचे व्रत. दुकान चालवणाऱ्याला त्याचे काय, असेही म्हणेल. पण जैन परंपरेने या शंकेचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे, आणि कारंजा, शिरपूर यांसारख्या स्थानांमुळे ती परंपरा वऱ्हाडाला परकी नाही. साधूने सर्व परिग्रह सोडायचा असतो. श्रावकाला, म्हणजे संसारी माणसाला, परिग्रह-परिमाण व्रत सांगितले आहे. शेत, घर, सोने, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा त्याने स्वतःच आधी ठरवायची आणि ती पाळायची. तत्त्वार्थसूत्रात तर परिग्रहाची ओळख वस्तूवरून दिलेलीच नाही, ती वस्तूत गुंतलेल्या मनावरून दिली आहे. मग वस्तू मोजायच्या कशाला? कारण मन कुठे गुंतले आहे हे संसारी माणसाला सहज दिसत नाही. वस्तूंची मर्यादा मात्र दिसते, आणि ती ओलांडताना मन पकडले जाते. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःजवळ मात्र खराटा, गाडगे आणि अंगावरच्या चिंध्या एवढेच ठेवले. ज्याला जे काम करायचे, त्याला त्या कामापुरते साधन लागते. अपरिग्रह काम कमी करायला सांगत नाही. साधनाने कामाची हद्द सोडू नये, एवढेच तो मागतो.

यंत्राच्या बाबतीत ही हद्द कशी आखायची, याचा एक उत्तम दाखला धामणगावहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेल्या वर्ध्याच्या विचारविश्वात सापडतो. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले, पण ही गोष्ट त्याआधीची, 1929 ची. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका आणि सहज नेता येण्याजोगा हवा. खेड्यातल्या झोपडीत तो हाताने किंवा पायाने चालवता यावा आणि एका बाईला फार न थकता आठ तास काम करता यावे. किंमत 150 रुपयांपेक्षा जास्त नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो किमान वीस वर्षे चालावा आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. सूत किती निघावे याचीही अट होती. परंतु कातणारीचे शरीर, तिचे घर, तिची ऐपत आणि दुरुस्ती यांना उत्पादनाइतकेच वजन होते. पारितोषिक अखेर कोणालाच मिळाले नाही. तरीही यंत्राकडे कसे पाहावे याची ती सनद टिकून राहिली. गांधीजी यंत्राचे शत्रू होते असे मानणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. शिवणयंत्राची त्यांनी मोकळेपणाने स्तुती केली होती, आणि पेटीत मिटवून कुठेही नेता येणारा येरवडा चरखा त्यांच्याच तुरुंगवासातल्या प्रयोगांतून आला.

या अटी आजच्या टेबलावर ठेवून पाहू. हिशोबपट्टी, टॅली, ब्राउझरमधले अर्ज, स्कॅन केलेली कागदपत्रे, छपाई : एवढ्या कामासाठी लॅपटॉपच्या जातीचा साधा प्रोसेसर, 8 किंवा 16 जीबी मेमरी आणि एक एसएसडी पुरेशी असते. असा मिनी संगणक साध्या कामात साधारण 10 ते 25 वॅट वीज घेतो. जुना टॉवर सहज 50-60 वॅट ओढतो. फरक 40 वॅटचा धरला, दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला 120 युनिट वाचतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे भर हंगामात लाईन गेली तर तोच यूपीएस कितीतरी जास्त वेळ तग धरतो आणि अर्धवट भरलेला अर्ज वाया जात नाही. इथे काटकसर आणि ग्राहकाची सेवा एकाच दिशेने जातात. पण काम बदलले की परिमाणही बदलते. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याला ताकदीचे ग्राफिक्स कार्ड लागते, आणि त्याच्यासाठी मोठा टॉवर हाच संयम आहे. पुरते म्हणजे कमीत कमी, असा अर्थ केला की अपरिग्रहाचे कृपणतेत रूपांतर होते आणि त्याची शिक्षा रांगेतल्या माणसाला भोगावी लागते.

म्हणूनच लहान आकारालाच सद्गुण समजण्याची चूक टाळली पाहिजे. वऱ्हाडातला उन्हाळा 45 अंशांपर्यंत सहज जातो. लहान डब्यात पंखाही लहान असतो, जाळीची छिद्रे बारीक असतात. जिनिंगच्या परिसरात हवेत तरंगणारा कापसाचा तूस त्या जाळीवर करड्या थरासारखा बसतो. मग आतली उष्णता कोंडते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर डब्याच्या बुडाशी असलेल्या स्क्रूंमध्ये आहे. ते काढून झाकण उघडता आले, पंखा ब्रशने झाडता आला, मेमरीची पट्टी आणि एसएसडी बदलता आली, तर लहान यंत्र या हवेतही नीट नांदते. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो अशा कार्यालयीन जातीच्या अनेक यंत्रांत ही सोय असते. उलट आजच्या मॅक मिनीसारख्या यंत्राची मेमरी खरेदीच्या दिवशी ठरते ती ठरतेच, नंतर वाढवता येत नाही. ते यंत्र वीज कमी घेते, ताकदीने मोठे आहे आणि काहींच्या कामाला योग्यही आहे. पण ज्याची गरज हळूहळू वाढणार आहे, त्याला ते पहिल्याच दिवशी भविष्याचा अंदाज बांधायला लावते.

आणि हा अंदाजच संग्रहाचे मूळ आहे. सर्वात जोरदार आक्षेप इथेच येतो : आज पुरते घेतले, उद्या काम वाढले तर? म्हणून दुप्पट ताकदीचे घेऊन ठेवलेले बरे. यात तथ्य आहे, कारण पुन्हा पुन्हा खरेदी करणे हाही परिग्रहच. मात्र या भीतीवर दोन उपाय असतात. एक, उद्याचे सगळे आजच साठवणे. दुसरा, उद्या भर घालता येईल असे साधन निवडणे. मेमरीची एक जागा मोकळी असलेले यंत्र 8 जीबीवर निःशंकपणे सुरू करता येते. गरज पडली तर अमरावतीहून एक पट्टी आणून बसवली की झाले. चरखा संघाच्या पाच टक्क्यांच्या अटीमागचे शहाणपण हेच आहे. ज्याची दुरुस्ती आपल्या आवाक्यात आहे, त्याच्या बाबतीत माणसाला उद्याचे भय कमी वाटते, आणि भय कमी झाले की साठवण्याची ओढही सैल होते. दुरुस्तीची सोय ही म्हणून नुसती तांत्रिक सोय राहत नाही. संयम शक्य होतो तो तिच्यामुळे.

अर्थशास्त्राच्या अंगाने आणखी एक हरकत घेता येईल. इंग्लंडच्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने 1865 मध्ये दाखवले की इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. संगणक लहान आणि स्वस्त झाले की घरोघर, टेबलोटेबल त्यांची संख्या वाढेल, मग वाचले काय? ही हरकत मी पूर्णपणे मान्य करतो, आणि ती माझ्या म्हणण्याला बळच देते. यंत्र काटकसरी झाल्याने माणूस काटकसरी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. त्यात छोट्या, सुटसुटीत वस्तूंचाही मोठा वाटा आहे. मर्यादा वस्तूला घातली तर इच्छा दुसऱ्या वस्तूकडे वळते. म्हणून श्रावकाच्या व्रतात परिमाण वस्तू घेण्याआधी ठरवायला सांगितले आहे.

तेव्हा निवडीचा क्रम उलटा करावा लागेल. पहिला प्रश्न, नवे यंत्र लागतेच का? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार थांबला आणि चालते-बोलते संगणक एका तारखेने जुने ठरले. त्यातले काही लिनक्सवर आणि नव्या एसएसडीवर आणखी काही वर्षे काम करतील. पण डिजिटल सही किंवा अंगठ्याचे यंत्र विंडोजवरच चालत असेल, तिथे असुरक्षित संगणकावर लोकांची कागदपत्रे हाताळणे हा संयम नव्हे, तो हलगर्जीपणा आहे. दुसरा प्रश्न, काम नेमके कोणते आणि यंत्र कोणत्या हवेत, कोणत्या विजेवर चालणार? तिसरा, ते उघडता, झाडता, वाढवता येते का? चौथा, जुने यंत्र कोणाच्या हाती जाणार : कोणाला वापरायला, अधिकृत संकलकाकडे, की तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याकडे? या चार प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्यावर उरलेली निवड सोपी असते, आणि वऱ्हाडातल्या बहुतेक दुकानांसाठी ती उघडता येणाऱ्या लहान, साध्या, प्रसंगी वापरलेल्या पण नीट तपासलेल्या मिनी संगणकाकडे झुकेल असे मला वाटते. कोणाच्या बाबतीत ती टॉवरकडे झुकली, तर तीही तितकीच धर्म्य निवड आहे. किती पुरे हे विक्रेत्याच्या तक्त्याने ठरवायचे की आपण, एवढाच यातला खरा फरक आहे. आणि तो ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवणे हेच संसारी माणसाचे व्रत आहे.