केदारयात्रेची तयारी आणि भाव

आळंदीहून पंढरीस पायी जाणारे पुष्कळ वारकरी आयुष्यात एकदा तरी केदारनाथ घडावा अशी इच्छा धरतात. हरिहरांत भेद न मानणाऱ्या आपल्या संप्रदायास ते साजेसेच आहे. पण निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे चला म्हटले, की काही माउली विचारतात, "नेणारा तो समर्थ आहे, मग छाती कशाला तपासायची? हा अविश्वास नव्हे काय?" प्रश्न भाबडा वाटला तरी टाकून देण्याजोगा नाही.

आधी वाट पाहू. गौरीकुंड सुमारे साडेसहा हजार फुटांवर, तर केदारनाथ पावणेबारा हजारांच्या आसपास. २०१३ च्या जलप्रलयात रामबाडा वाहून गेला. तेथून नवी वाट काढावी लागली. आता चढण सुमारे १६ किलोमीटरची आहे. वरच्या विरळ हवेत दर श्वासाला प्राणवायू सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी मिळतो. पालखीबरोबर वीस दिवस चालणाऱ्याचेही तेथे डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. पायांचा सराव निराळा नि हवेची सवय निराळी. म्हणून छाती व रक्तदाब तपासून घ्यावा, दोन महिने चढउतार चालावे, वाटेत मुक्काम करीत सावकाश चढावे, आणि एकादशी आली तरी पाणी तोडू नये.

यात अविश्वास कुठला? कीर्तनापूर्वी वीणेकरी तारा जुळवतो, तेव्हा पांडुरंगावरचा त्याचा विश्वास काही उणा होत नाही.

खरी कसोटी पुढेच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मेळ्यातले एक बुवा देऊळ कोसभर उरले असता झोकांड्या खाऊ लागले. बसल्या जागी धाप लागली. वाटाड्या म्हणाला, "आत्ताच्या आत्ता खाली न्या." बुवा हात जोडून म्हणत, "कळस तरी दिसू द्या!" हात धरून वर नेऊ, असे आम्हांसही वाटले. खरे सांगायचे तर ती ओढ त्यांच्यासाठी नव्हती. त्यांच्याबरोबर उतरलो तर आमचे दर्शन हुकणार होते. या घोळात अर्धा तास गेला. त्याची लाज अजून वाटते. शेवटी आम्ही दोघे त्यांना घेऊन उतरलो. गौरीकुंडास पोचेतो धाप ओसरली.

नाथमहाराजांनी काशीची कावड तहानेल्या गाढवास पाजली, ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो. कावड आपल्या खांद्यावर असली म्हणजे तिचे मोल कळते. पुंडलिकाने तर आईबापांच्या सेवेसाठी साक्षात देवास विटेवर उभे केले, आणि देव रागावला नाही. सोबत्यासाठी अर्ध्या वाटेवरून फिरणाऱ्यावर तो कसा रागावेल?

म्हणून बाडबिस्तरा बांधतानाच, प्रसंग पडला तर परत फिरू, एवढा निश्चय घरीच करून ठेवावा. वर गेल्यावर तो सुचेलच असे नाही; विरळ हवेत बुद्धीही मंदावते. असो. रामकृष्णहरि!