ऋण की कर? गोऱ्या ऑफिसातल्या कृष्णवर्णीय बॉसचा प्रश्न

ऑगस्ट २०१७. अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मोर्चा काढला. त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या लोकांवर एकाने गाडी घातली आणि त्यात एका तरुणीचा जीव गेला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी निषेध केला, पण तो ‘अनेक बाजूंच्या’ द्वेषाचा. दोन दिवसांनी मर्क या औषध कंपनीचे सीईओ केनेथ फ्रेझियर यांनी राष्ट्राध्यक्षांच्या उद्योग सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. तासाभरातच ट्रम्प यांनी ट्विटरवर टोला हाणला की, आता यांना औषधांच्या किमती कमी करायला वेळ मिळेल. मग इतर काही उद्योगपतींनीही राजीनामे दिले आणि त्याच आठवड्यात ते मंडळच बरखास्त झालं.

फ्रेझियर कृष्णवर्णीय आहेत. त्यांचे आजोबा गुलामीत जन्मले होते. त्या घटनेनंतर पहिला राजीनामा त्यांचाच आला.

यावर टाळ्या वाजवून पुढे जाता येतं. पण मला इथे एक अवघड प्रश्न दिसतो. त्या मंडळात गोरे सीईओही होते. वंशद्वेषाविरुद्ध बोलणं हे प्रत्येक माणसाचं कर्तव्य असेल, तर पहिलं पाऊल टाकण्याचं ओझं फ्रेझियर यांच्याच खांद्यावर का आलं? कृष्णवर्णीय नेत्याचं नैतिक कर्तव्य गोऱ्या नेत्यापेक्षा जास्त असतं का?

आधी आकडे पाहू. फॉर्च्युन ५०० यादीतल्या कंपनीला पहिला कृष्णवर्णीय सीईओ मिळाला १९८७ साली, क्लिफ्टन व्हार्टन यांच्या रूपाने. पहिली कृष्णवर्णीय स्त्री सीईओ झाली २००९ मध्ये, झेरॉक्सच्या अर्सुला बर्न्स. त्या याच कंपनीत १९८० साली इंटर्न म्हणून आल्या होत्या. २०२३ मध्ये या पाचशे कंपन्यांत कृष्णवर्णीय सीईओ होते आठ, आणि तोवरचा तो उच्चांक होता. अमेरिकेच्या लोकसंख्येत मात्र कृष्णवर्णीय साधारण तेरा टक्के आहेत.

संख्या इतकी कमी असली की काय होतं, हे समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. त्यांचा अभ्यास एका मोठ्या कंपनीतल्या स्त्रियांचा होता, पण मुद्दा सगळ्यांना लागू पडतो. गटात एखादाच वेगळा असला की तो सतत नजरेत राहतो. त्याचं काम हे त्याचं एकट्याचं काम उरत नाही, त्याच्या सगळ्या जमातीचा नमुना ठरतं. गोरा मॅनेजर चुकला तर तो मॅनेजर चुकला. कृष्णवर्णीय मॅनेजर चुकला तर ‘त्यांना जमत नाही’.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला हे असं दिसतं. दहा सर्व्हरपैकी एकाचीच अलर्टची मर्यादा फार खाली लावली, तर त्याच्याकडून दिवसभर अलर्ट येत राहतात. काही दिवसांनी टीममधले सगळे म्हणू लागतात की हा सर्व्हर भरवशाचा नाही. खरं तर बिघाड बाकीच्या नऊंइतकाच असतो. इथे फक्त तो मोजला जातो.

ही मर्यादा रागालाही लागू होते. जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे कृष्णवर्णीय प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना त्यांच्या स्वतःच्या घरी अटक झाली. पत्रकारांनी विचारल्यावर बराक ओबामा म्हणाले की, पोलिसांनी मूर्खपणा केला. त्यावरून एवढा गदारोळ झाला की ओबामांना त्या प्राध्यापकांना आणि त्या पोलिसाला व्हाइट हाउसमध्ये बिअर प्यायला बोलवावं लागलं. पुढे ओबामांनी आत्मकथनात लिहिलं की, आठ वर्षांत गोऱ्या मतदारांमधला त्यांचा पाठिंबा एका घटनेमुळे सर्वांत जास्त घसरला तो या प्रकरणात. जगातल्या सर्वांत ताकदवान खुर्चीत बसलेल्या माणसालाही एका वाक्याची किंमत मोजावी लागली. मग एखाद्या बँकेतल्या व्हाइस प्रेसिडेंटने मीटिंगमध्ये आवाज चढवण्याआधी किती विचार करावा लागत असेल? तो हिशोब मनात सतत चालू ठेवणं हेही कामच आहे. त्याचा पगार मिळत नाही.

आता उलट बाजू. आपल्याकडे ‘समाजाचं ऋण’ हा शब्द नवा नाही. शिकून वर गेलेल्याने मागे राहिलेल्यांना हात द्यावा, हे बाबासाहेबांच्या चळवळीने इथल्या कितीतरी घरांमध्ये रुजवलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातही हीच भावना खोल आहे. फ्रेझियर यांचे वडील जॅनिटर होते. अशा घरातून आलेला माणूस सीईओ होतो तेव्हा त्याच्यामागे अनेकांची झीज असते. मग त्याने जास्त बोलावं अशी अपेक्षा ठेवली, तर त्यात चूक काय?

माझं उत्तर असं आहे की ऋण आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऋण माणूस स्वतः मानतो. ते कुणाचं, किती आणि कसं फेडायचं हे तोच ठरवतो. कर दुसरा लावतो, आणि त्याचा फायदाही बऱ्याचदा लावणाऱ्यालाच होतो. फ्रेझियर यांचा राजीनामा ही ऋणाची गोष्ट होती. पण कंपनीच्या माहितीपत्रकावर दर वेळी त्याच एका कृष्णवर्णीय डायरेक्टरचा फोटो, विविधता समितीचं अध्यक्षपद तिलाच, नव्या कृष्णवर्णीय मुलांना सांभाळणंही तिच्याकडेच, आणि अप्रेझलमध्ये या कशाचीच नोंद नाही, हा कर आहे.

आणि हा कर भरणाऱ्याला वर दंडही बसतो. डेव्हिड हेकमन आणि सहकाऱ्यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, विविधतेसाठी आग्रह धरणाऱ्या गौरेतर आणि स्त्री नेत्यांना कामगिरीत कमी गुण मिळतात. तोच आग्रह गोऱ्या पुरुषाने धरला तर त्याचे गुण घटत नाहीत. म्हणजे ज्याला बोलायला काही किंमत पडत नाही तो गप्प बसू शकतो, आणि ज्याला पडते त्यानेच बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

इथे आपल्यातला कुणीतरी म्हणेलच, ‘नडेला, पिचई पोचले ना? मग यांना का जमत नाही?’ पुण्याच्या आयटी कंपन्यांपासून न्यू जर्सीतल्या मराठी घरांपर्यंत हा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचं उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत रद्द केली १९६५ मध्ये, नागरी हक्क कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी. ते दार ज्या चळवळीच्या हवेत उघडलं, ती कृष्णवर्णीयांनी उभी केली होती. त्या दारातून आपले जे लोक गेले ते बहुतेक आधीच शिकलेले, चाळणीतून निवडलेले होते. त्यांच्या आजोबांना त्या देशात कुणी विकलं नव्हतं. हे विसरून तुलना करणं म्हणजे ज्याच्या खांद्यावर उभे राहिलो त्यालाच ठेंगू म्हणणं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं होतं. त्यांना हे नातं तेव्हाच दिसलं होतं.

मग कर्तव्य कुणाचं? वंशद्वेषाविरुद्ध बोलण्याचं कर्तव्य सगळ्यांचं सारखंच आहे. उलट ज्याला बोलायला कमी किंमत पडते, त्याने आधी बोलायला हवं. जड पेटी कुणी उचलावी, याचं साधं उत्तर असतं की ज्याची पाठ ठीक आहे त्याने. इथे मात्र पाठ दुखणाऱ्यालाच सांगितलं जातं की पेटी तुझी आहे.

यातून समतेची एक कसोटी निघते. किती असामान्य कृष्णवर्णीय नेते वर पोचले यावरून ती मोजू नये. असामान्य माणसं वाईट व्यवस्थेतही वाट काढतात. एखादा साधासुधा, बरावाईट, कधी चिडणारा, कुठल्याही समितीवर नसलेला कृष्णवर्णीय मॅनेजर त्याच्यासारख्याच गोऱ्या मॅनेजरइतका निवांत नोकरी करू शकतो का, ते पाहावं. गोऱ्या माणसाला सामान्य असण्याची मुभा जन्मतःच मिळते. ती सगळ्यांना मिळेपर्यंत समता आली असं म्हणता येणार नाही.

आपल्यापैकी अनेक जण अशा कंपन्यांसाठी काम करतात. रात्रीच्या कॉलवर पलीकडे कधी एखादा कृष्णवर्णीय बॉसही असतो. त्याच्याबद्दल ‘फारच कडक आहे’ किंवा ‘फारच थंड आहे’ असं मनात आलं, तर एवढंच विचारून पाहावं: हाच माणूस गोरा असता, तर हे आपल्या लक्षात तरी आलं असतं का?