जिवाणूची साक्ष

कार्यावरून कारणाकडे नेणाऱ्या अनुमानाला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ म्हणतात, आणि भाष्यकार वात्स्यायनाने त्यासाठी नदीच्या पुराचे उदाहरण दिले आहे: पाणी चढले, प्रवाहाचा वेग वाढला, तेव्हा वर कोठेतरी पाऊस झाला असला पाहिजे. भीमाकाठच्या दौंडमध्ये हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र घाटमाथ्यावरचा पाऊस थांबल्यानंतरही खडकवासला धरणातून पाणी सोडले की भीमा फुगते, हेही तेथे सर्वांना ठाऊक असते. न्यायसूत्रांतील पूर्वपक्षाची शंका अशीच आहे: पाणी अडवल्यानेही नदी चढू शकते, मग पूर ही पावसाची खात्रीची खूण कशी? जी खूण साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, नसतानाही आढळते, तिला ‘सव्यभिचार’ हेतू म्हणतात.

जीवनसत्त्वाचे मोजमापही असेच अनुमान आहे. शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम करणाऱ्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ साली, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने, जिल्ह्यातील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभला, त्यात बी-१२ या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता आढळली, आणि पुढे त्यांच्या मुलांना किशोरवयात रोज दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन दशलक्षांश, बी-१२ देऊन पाहण्यात आले. इतके अल्प द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रक्ताच्या किंवा गोळीच्या नमुन्यात बी-१२ वाचून न वाढणारा लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडतात आणि द्रावण किती गढूळ झाले यावरून प्रमाण ठरवतात. प्रत्यक्ष दिसतो तो गढूळपणा. बी-१२ अनुमानाने कळते.

परंतु स्पिरुलिनासारख्या शेवाळवर्गीय पूरकांत बी-१२ सारखीच घडण असलेले एक द्रव्य असते, ज्यावर हा जिवाणू पोसतो, पण मानवी शरीराला त्याचा उपयोग होत नाही. येथे चाचणी खोटे बोललेली नसते. जिवाणूने स्वतःच्या जीवनाचे सत्त्व मोजून दिलेले असते. वात्स्यायनाचे उत्तर येथे फार मोलाचे वाटते: दोष अनुमानाचा नसून, पुरेशी विशेषणे न लावता खूण स्वीकारणाऱ्याचा आहे, कारण पावसाचा पूर फेस, पाने आणि लाकडे वाहून आणतो. क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातील द्रव्ये वेगळी करण्याची पद्धत, हीच विशेषणे पुरवते.

तरीही ‘जीवनसत्त्व’ हा शब्द ‘कोणाच्या जीवनाचे?’ हा प्रश्न सोडत नाही. शरीराची साक्ष घ्यावी, तर बी-१२ मिळाल्यावर रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल उतरते; पण ते फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वानेही उतरते.