निष्काम कर्म कुणी कुणाला सांगावे?

बढती डावलली गेली, रात्री जागून तयार केलेला अहवाल वरिष्ठाच्या नावाने पुढे गेला, सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावून त्याचा मोबदला दिला नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस घरी येतो तेव्हा त्याला ठरलेले उत्तर मिळते: तू तुझे काम करत राहा, फळाची आशा धरू नकोस. हे सांगणारे बहुधा आईवडील किंवा मित्र असतात आणि कळकळीने सांगतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक त्यांच्या मनात असतो. म्हणूनच हा उपदेश गांभीर्याने तपासायला हवा. नोकरीतला अन्याय मुकाट सोसणे म्हणजे निष्काम कर्म, असे गीता खरोखर म्हणते का? माझ्या मते म्हणत नाही, आणि ते दाखवायला गीतेच्या बाहेर फारसे जावे लागत नाही.

मुळात पगाराला ‘फळ’ समजण्यातच गफलत आहे. परिचारिकेने रात्रभर शुश्रूषा केली तरी रुग्ण बरा होईलच असे नाही. शिक्षकाने जीव ओतून शिकवले तरी प्रत्येक मूल शिकेलच असे नाही. अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत आणि कर्ता हे त्यांतले केवळ एक आहे. पाचवे कारण तर दैव. जे एकट्या कर्त्याच्या हाती नाही त्याच्यावर मन टांगून ठेवू नये, हा सल्ला शहाणपणाचाच आहे. पगाराचे तसे नाही. तो आधी ठरलेला असतो, आणि काम पुरे झाले की मालक तेवढ्यापुरता ऋणी होतो. ऋण फेडणे हे मालकाचे कर्तव्यकर्म आहे. ते टाळून कामगाराला निरिच्छपणा शिकवणे म्हणजे स्वतःचे कर्म दुसऱ्याच्या वैराग्यावर ढकलणे. जुन्या शास्त्रकारांनाही हा भेद ठाऊक होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील अठरा व्यवहारपदांत ‘वेतन न देणे’ हे एक स्वतंत्र पद आहे, आणि कौटिल्याने ठरलेले वेतन बुडवणाऱ्याला दंड सांगितला आहे. मनुस्मृतीची समाजरचना घोर विषम आहे. तिच्याकडून न्यायाचा आदर्श घ्यावा असे मी मुळीच म्हणत नाही. पण तिनेसुद्धा बुडालेल्या वेतनाचा प्रश्न राजाच्या न्यायसभेपुढे ठेवला, कामगाराच्या मनःशांतीवर सोडला नाही.

यावर कुणी म्हणेल की पैशाचे ठीक, पण मानापमान समान मानायला तर गीता सांगतेच ना? सांगते. मात्र ती कुणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगते, हे विसरता येत नाही. पांडवांनी निदान पाच गावे मागितली होती, श्रीकृष्ण स्वतः शिष्टाईला गेला होता, आणि तेवढेही नाकारले गेल्यावर युद्ध उभे राहिले. रणांगणावर अर्जुनच म्हणतो की यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे. हक्क सोडून निघालेल्या त्या माणसाला श्रीकृष्ण परत उभा करतो. जयपराजय सारखे मानायचे ते लढताना. लढणेच टाळण्यासाठी नव्हे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’त टिळकांनी कर्मयोगाचा पुरस्कार केला, तो संन्यासाच्या आड कर्तव्य टाळले जाऊ नये म्हणूनच. त्याच टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, गोळीबार सोसला. त्यात त्यांना पगारवाढ मिळायची नव्हती; उलट हातातली मजुरी गेली. निष्काम कर्माचे उदाहरण हवेच असेल तर मला हे जवळचे वाटते.

पण ती मजुरी त्यांनी आपण होऊन सोडली होती. जे आपल्याला मागता येते त्याचाच त्याग करता येतो. मागण्याची सोयच नसेल तर तिथे उरते ती फक्त वंचना. अंगणवाडी सेविकांकडे पाहा. १९७५ पासून चालत आलेल्या योजनेत गरोदर बायका आणि लहान मुले यांचे पोषण त्यांच्यावर सोपवलेले आहे, पण त्यांना मिळते ते मानधन, आणि कर्मचारी हा दर्जा नाही. त्यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या सेविकांना मानधनवाढ, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीसाठी ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. ‘सेवेत पैशाचे कशाला बघायचे’ असे त्यांना सुनावणारा स्वतःचे वेतन सोडून ते सुनावत असेल तर त्याचे ऐकावे. निरिच्छपणा हे व्रत आहे, आणि व्रत ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायचे असते.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो: सतत हक्काचा हिशेब करणाऱ्याचे मन कडवट होते, कामातला आनंद आटतो आणि अखेर नुकसान त्याचेच होते. हे घडते खरे. पण अपमान गिळत राहणाऱ्याचे मन काही कमी कडू होत नाही. फक्त तो कडवटपणा घरच्यांवर नाहीतर हाताखालच्या माणसावर निघतो. कडवट न होता मागत राहणे शक्य आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते, फुल्यांच्या विचारांवर वाढलेले. त्यांना गीतेच्या खात्यात ओढण्याचा मला अधिकार नाही. पण त्यांची चिकाटी इथे आठवतेच. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात आठवड्याला एक सुट्टी मागितली होती. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. मधली सहा वर्षे यश येईल याची हमी कुणीच दिलेली नव्हती, तरी सभा होत राहिल्या, निवेदने जात राहिली, आणि रोज सकाळी भोंगा झाला की हीच माणसे गिरणीत कामालाही जात राहिली.