मिसळले म्हणजे संपले का?

दुसऱ्यात मिसळलो तर आपले काय उरेल? लग्न होऊन नव्या घरी आलेल्या मुलीला, परप्रांतात स्थायिक झालेल्या कुटुंबाला, नुकताच सेवेत आलेल्या साधकालाही ही भीती वाटते. ती उगाच नाही. अहंकार सोडा, असे आपण सहज सांगतो. पण समोरचा नेमके काय सोडतो आहे, हे विचारतो का?

मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास कुंभकोणमहून दक्षिणेकडे पाहिले, तर नरतुरंग तारकासमूह महाराष्ट्रातल्यापेक्षा बराच वर दिसतो. त्यात सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली ‘सेंटॉरस ए’ ही दीर्घिका आहे. गावाबाहेर काळोख असेल, तर साध्या द्विनेत्रीतूनही तिचा धूसर ठिपका सापडतो. छायाचित्रांत मात्र ती चमत्कारिक दिसते. ताऱ्यांचा तेजस्वी गोळा आणि त्याच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा! अशा गोलसर दीर्घिकांमध्ये धूळ फारशी नसते. मग हा पट्टा आला कुठून? १९५४ मध्ये बाडे आणि मिन्कोव्स्की या शास्त्रज्ञांनी सुचवले, की या दोन दीर्घिका आहेत. मोठीने लहानीला पोटात घेतले, असे आज मानले जाते.

अशा विलीनीकरणात तारे एकमेकांवर सहसा आदळत नाहीत, त्यांच्यातली अंतरेच एवढी अफाट असतात. आदळतात ते वायू आणि धूळ. आणि त्या काळ्या पट्ट्यातच आज नवे तारे जन्मत आहेत. लहान दीर्घिकेचा मूळ आकार मात्र कायमचा गेला. तेही विसरू नये.

कुंभकोणममध्येच याचे मानवी रूप भेटते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि कावेरीकाठी मराठी कुटुंबे वसली. १८५५ मध्ये ते राज्य गेले, माणसे राहिली. बाहेर तमिळ आणि घरात तमिळ शब्द मिसळलेली मराठी, अशी त्यांची बोली झाली. अशाच मराठी घराण्यातले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणममध्ये जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. पुण्याच्या कानाला तंजावरी मराठी वेगळी लागेल. पण तिला बिघडलेली म्हणणे मला पटत नाही.

एक फरक मात्र राहतो. त्या लहान दीर्घिकेला कोणी विचारले नव्हते. आपल्या घरात, आपल्या केंद्रात आलेल्या माणसाला विचारता येते. तुमच्या सुनेच्या माहेरचा पदार्थ तुमच्या स्वयंपाकघरात शेवटचा कधी शिजला, आठवते का?